बिनतारी शेजारधर्म

२०२२ सालच्या गणेशचतुर्थीस आम्ही कोंकणांतील आमच्या मूळ गांवीं गेलों होतों. आमच्या मातोश्रींची धाकटी बहीण, वय वर्षें सत्याऐंशी, त्या वेळीं तेथेंच होती. तिला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या, आणि त्यांपैकीं पुष्कळशा आम्हीं अन्यत्र कोठेंहि ऐकल्या किंवा छापलेल्या पाहिल्या नव्हत्या. परदेशीं असणारी आमची एक भाची त्या उत्सवासाठीं मुद्दाम आली होती. तिनें एका दुपारीं आजीला ओटीवर बसवून चाळीस मिनिटेंपर्यंत तिचें गाणें चित्रासह आपल्या मोबाईलमध्यें उतरून घेतलें. संध्याकाळीं आम्हीं तिला म्हटलें, "हें आमच्याहि फोनांत घालून दे." दोन्ही फोन चांगले, नवे, एकाच पाटावर शेजारीं शेजारीं ठेविलेले. गांवांत रेंज जवळजवळ नव्हतीच. भाचीनें बराच वेळ खटपट केली आणि शेवटीं ती म्हणाली, "मामा, माझ्या फोनला तुमचा फोन दिसतच नाहीं हो. दोघांचीं घराणीं निराळीं आहेत." दुसऱ्या दिवशीं बाजाराच्या गांवीं जाऊन तिनें तीन मिनिटांचा एक तुकडा आम्हांस पाठविला, आणि बाकीचें मुंबईस पोहोंचल्यावर पाठवीन म्हणून सांगितलें. परतीच्या प्रवासांत तो फोनच हरवला. पुढच्या वर्षीं मावशी गेली. चाळीस मिनिटांपैकीं तीन मिनिटें आज आमच्यापाशीं आहेत.

वाचकांस ही घरगुती हकीकत सांगण्याचें कारण एवढेंच कीं, तिच्यामागील प्रश्न घरगुती नाहीं. सहस्रावधि कोसांवरील माणसाशीं क्षणांत बोलूं देणारीं हीं यंत्रें एका पाटावर ठेविलीं असतां एकमेकांशीं अबोला कां धरितात? सामान्य समजूत अशी कीं, दोहोंची अंतर्रचना, म्हणजे ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, भिन्न असल्यामुळें तांत्रिक अडचण येते. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे. बिनतारी विद्येचा सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहिला तर असें दिसून येतें कीं, यंत्रांमधील अबोला हा बहुधा माणसांनीं घातलेला असतो, आणि तो मोडतो तोहि माणसांच्या करारानेंच.

या इतिहासाची पहिली साक्ष समुद्रावरची आहे. गुग्लिएल्मो मार्कोनी यानें १८९७ सालीं लंडन येथें आपली कंपनी स्थापन केली, आणि १९०० सालीं जहाजांवरील बिनतारी संदेशांसाठीं तिची एक स्वतंत्र शाखा काढली. ही शाखा जहाजमालकांस यंत्रें विकत नसे. यंत्र भाड्यानें द्यावयाचें, आणि तें चालविणारा माणूसहि कंपनीचाच पगारी नोकर असावयाचा, असा तिचा शिरस्ता होता. या नोकरांस ताकीद असे कीं, संकटाचा प्रसंग सोडून अन्य वेळीं मार्कोनीखेरीज दुसऱ्या पद्धतीचें यंत्र बाळगणाऱ्या जहाजाशीं किंवा स्थानकाशीं बोलूं नये. याला कायद्याचेंहि एक कारण होतें. इंग्लंडांत तारेचा मक्ता सरकारी टपालखात्याकडे असल्यामुळें कंपनीस लोकांकडून दर संदेशामागें दाम घेतां येत नसे. आपल्याच भाडेकरूंनीं आपसांत बोलावें, ही व्यवस्था त्या मक्त्यांतून काढलेली पळवाट होती. परंतु पळवाटेचा लौकरच राजमार्ग झाला. ज्या कंपनीचीं स्थानकें किनाऱ्यावर अधिक, तिचेंच यंत्र घेणें जहाजमालकांस सोईचें, आणि पुढें तर अपरिहार्य वाटूं लागलें.

लहरींना मालक नसतो. जर्मनीमध्यें स्लाबी आणि आर्को यांनीं तयार केलेलें यंत्रहि त्याच आकाशांत लहरी सोडी, आणि दोन्हीकडे लिपि मोर्सचीच होती. तरीसुद्धां १९०२ सालीं कैसर दुसरा विल्हेल्म याचा बंधु प्रिन्स हाइन्रिख हा अमेरिकेहून 'डॉइच्लांट' नांवाच्या जहाजानें परत येत असतां, त्या जहाजावरील जर्मन यंत्राशीं मार्कोनीच्या स्थानकांनीं देवघेव केली नाहीं. राजपुत्रास नाकारलें गेलेलें उत्तर तें साम्राज्यासच नाकारलें गेलें, असें जर्मनीस वाटलें, आणि या अबोल्याचा प्रश्न आंतरराष्ट्रीय झाला. ऑगस्ट १९०३ मध्यें बर्लिन येथें नऊ राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले. कोणत्याहि पद्धतीचें यंत्र असो, किनाऱ्यावरील स्थानकानें जहाजाचा संदेश घेतलाच पाहिजे, हें तत्त्व तेथें मांडण्यांत आलें. मार्कोनीशीं ज्यांचें हित गुंतलेलें होतें त्या इंग्लंडनें व इटलीनें अर्थातच आढेवेढे घेतले. १९०६ च्या दुसऱ्या बर्लिन परिषदेंत हें तत्त्व किनारा आणि जहाज यांच्यापुरतें करारांत आलें, आणि १९०८ सालीं तो करार अंमलांत आला. जहाज आणि जहाज यांच्यामधील भेद मात्र तसाच राहिला. त्यासाठीं केलेल्या जोड-करारास याच दोन राष्ट्रांनीं मान्यता दिली नाहीं. पुढें एप्रिल १९१२ मध्यें टायटॅनिक जहाज बुडालें. त्या जहाजाच्या नाशास हा दुजाभाव कारण नव्हता. परंतु समुद्रावर बिनतारी यंत्र म्हणजे जीविताचा प्रश्न आहे, हें त्या दुर्घटनेनें सर्व जगास कळून चुकलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत लंडन येथें जो करार झाला, त्यानें जहाजाजहाजांमधील पंक्तिभेदहि दूर केला.

या प्रकरणापासून घेण्यासारखा बोध असा. १९०२ सालीं जें यंत्र बोलत नव्हतें तेंच १९१२ सालीं बोलूं लागलें, तें नव्या शोधामुळें नव्हे. मधल्या दहा वर्षांत शोध अनेक लागले. पण अबोला सोडविला तो शोधांनीं नव्हे, तर कागदावरील सह्यांनीं.

आतां समुद्रावरून संगणकाकडे वळूं. साठ वर्षांमागें संगणकांची स्थिति जहाजांहून बरी होती असें नाहीं. प्रत्येक कारखान्याचा संगणक आपल्यापुरता एक स्वतंत्र देश होता. साधें रोमन 'ए' अक्षर घ्या. अमेरिकेंत १९६३ सालीं ठरलेल्या 'आस्की' संकेताप्रमाणें त्याचा अंक ६५. परंतु आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर चालणाऱ्या संकेताप्रमाणें तोच अंक १९३. कोणा यंत्राचा शब्द ३६ अंशांचा, तर कोणाचा ३२ अंशांचा. १९६९ सालीं अर्पानेट नांवाच्या जाळ्यानें असे भिन्नभिन्न संगणक तारेनें जोडले, तेव्हां तार जुळली, पण भाषा जुळेना. या ठिकाणीं आपल्या देशाचा एक सुपुत्र पुढें आला. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण हे त्या वेळीं अमेरिकेंत एम.आय.टी. येथें होते. एप्रिल १९७१ मध्यें त्यांनीं 'फाईल ट्रान्स्फर प्रोटोकॉल' या नांवाचा एक मसुदा लिहून सर्वांच्या विचारार्थ प्रसिद्ध केला. एका संगणकानें दुसऱ्याच्या घरची व्यवस्था जाणून न घेतां त्याच्याकडील फाईल कशी मागावी, दुसऱ्यानें ती कशी द्यावी, आंत अक्षरें आहेत कीं नुसते अंक हें आधीं कसें सांगावें, याचे नियम त्यांत होते. हा मसुदा कोणाच्या मालकीचा नव्हता. त्यावर टीका झाली, दुरुस्त्या झाल्या, आणि पुढें कित्येक दशकें जगांतील फायलींची ने-आण त्या नियमांनीं होत राहिली. यंत्रें निराळीं असणें हा दोष नाहीं. त्यांच्यामध्यें शिष्टाचार ठरविलेला नसणें हा दोष आहे, ही गोष्ट त्यानें सिद्ध केली.

येथें आम्हां मराठी लोकांस एका जुन्या दुखण्याची आठवण होणें साहजिक आहे. फाईल पोहोंचणें एक आणि ती वाचतां येणें दुसरें. १९९० नंतरच्या दशकांत आम्ही आमचे लेख फ्लॉपीवर घालून छापखान्यांत नेत असूं. तेथील संगणकावर ती उघडली म्हणजे देवनागरीच्या जागीं रोमन अक्षरें, चौकोन आणि उद्गारचिन्हें यांचा बाजार दिसे; कारण प्रत्येक टंक तयार करणाऱ्यानें 'क'ला आपल्या मर्जीप्रमाणें अंक दिलेला असे. एकदां तर एका प्रबंधाचीं दोनशें पृष्ठें छापखान्यांतील जुळाऱ्यानें छापील प्रतीवरून पुन्हां हातानें उतरून काढलीं. वास्तविक भारतीय लिप्यांसाठीं 'इस्की' नांवाचें सरकारी प्रमाण १९९१ सालीं ठरलें होतें, पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें त्या दिशेनें पुष्कळ कार्यहि केलें होतें, आणि त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस जागा मिळाली होती. तींत 'क'चा अंक २३२५. तो मुंबईंत जो, तोच टोकियोंत. तरी हा अंक आपल्या घरोघरच्या संगणकांत रुळण्यास पुढें दहापंधरा वर्षें लागलीं. प्रमाण ठरणें आणि तें सर्वांनीं पाळणें यांत किती अंतर असतें, याचा दाखला आम्हांस परदेशांत शोधावयास नको.

फायलींची बिनतारी ने-आण सुरू झाली ती याच सुमारास. १९९३ सालीं अनेक कंपन्यांनीं मिळून अवरक्त किरणांनीं माहिती पाठविण्याचा एक समाईक संकेत ठरविण्यास संघ काढला. यांत दोन यंत्रांचीं तोंडें समोरासमोर आणि हातभर अंतरांत असावीं लागत. मध्यें हात आला कीं बोलणें तुटे. १९९४ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एरिक्सन कंपनीनें अल्प अंतराच्या रेडिओलहरींवर काम आरंभिलें, आणि १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा या पांच कंपन्यांनीं त्यासाठीं एक मंडळ स्थापिलें. त्या विद्येस 'ब्लूटूथ' हें नांव पडलें तें दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हाराल्ड राजावरून. विखुरलेल्या टोळ्यांस त्यानें एका छत्राखालीं आणिलें, तसें हें साधन विखुरलेल्या यंत्रांस आणील, असा या नांवाचा भावार्थ. आश्चर्याची गोष्ट ही कीं, आरंभीं तें नांव सार्थ झालें. २००५ च्या सुमारास आमच्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर विद्यार्थी एकमेकांस गाणीं देत. देणाऱ्याचा फोन एका कंपनीचा, घेणाऱ्याचा दुसऱ्या, आणि तरी गाणें जाई. वेग अगदीं मंद. पण पंक्तीस बसलेल्या सर्वांस वाढलें जाई.

मग हा ओघ उलटा कसा फिरला? २००७ सालीं ॲपलचा आयफोन निघाला. त्यांत ब्लूटूथ होतें, कानाशीं लावावयाच्या यंत्राशीं तें बोले; परंतु शेजाऱ्याच्या फोनास फाईल देण्याची सोय त्यांत ठेविली नव्हती. २०११ सालीं त्याच कंपनीनें आपल्या संगणकांसाठीं 'एअरड्रॉप' काढलें आणि २०१३ सालीं तें आयफोनांत आलें. त्याची योजना खरोखर सुंदर आहे. ब्लूटूथच्या क्षीण हांकेनें शेजारीं कोण आहे हें ओळखावयाचें, आणि ओळख पटली म्हणजे दोन यंत्रांनीं मध्यें कोणतेंहि जाळें न घेतां वायफायच्या वेगवान लहरींवर थेट देवघेव करावयाची. पैसा नाहीं, इंटरनेट नाहीं, तार नाहीं. परंतु हें थेट बोलणें कंपनीच्या स्वतःच्या गुप्त संकेतांत चाले, त्यामुळें घराण्याबाहेरच्या यंत्रास तें समजत नसे. आरंभीं तर या घरांतले फोन व संगणक हीं सख्खीं भावंडेंहि परस्परांस ओळखत नव्हतीं. ती सोय २०१४ सालीं झाली. दुसरें घराणें गूगलच्या ॲण्ड्रॉइडचें. तेथें २०११ सालीं फोनाच्या पाठीस पाठ लावून देवघेव करण्याची एक युक्ति निघाली आणि २०१९ सालीं ती काढून टाकण्यांत आली. २०२० सालीं 'निअरबाय शेअर' आलें, सॅमसंगनें त्याच सुमारास आपलें निराळेंच 'क्विक शेअर' काढलें, आणि २०२४ च्या आरंभीं दोन्ही एकत्र होऊन 'क्विक शेअर' हें नांव राहिलें. म्हणजे एका वाड्याची भिंत अभेद्य, तर दुसऱ्या वाड्यांत भाऊबंदकी, असा हा प्रकार होता.

या भिंतींमुळें आपल्या देशांत जी पोकळी झाली ती 'शेअरइट', 'झेंडर' इत्यादि उपयोजनांनीं भरून काढिली. २०१६ सालीं डेटा स्वस्त होण्यापूर्वीं तर गांवोगांवचे तरुण त्यांच्यावरच विसंबून असत. एका फोनानें स्वतःच वायफायचें लहानसें केंद्र व्हावयाचें आणि दुसऱ्यानें त्यास जोडून घ्यावयाचें, ही त्यांची साधी युक्ति. आणि ती दोन्ही घराण्यांच्या फोनांवर चाले. परंतु यांचे मालक चिनी होते, आणि २९ जून १९२० नव्हे, २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें जीं ५९ उपयोजनें बंद केलीं त्यांत हीं दोन्ही होतीं. तारीख लिहितांना आमच्या लेखणीनें शंभर वर्षांची चूक केली याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. प्रश्न तेव्हांचा आणि आतांचा सारखाच आहे. जो दुवा आपण दुसऱ्याच्या मर्जीवर घेतला तो दुसऱ्याच्या भांडणांत तुटतो. कोणाच्याहि मालकीचीं नव्हेत अशीं 'केडीई कनेक्ट', 'लोकलसेंड' यांसारखीं खुलीं साधनें आहेत, आणि तीं उत्तम चालतात. पण दोन्ही यंत्रांत तीं आधीं घालून ठेवावीं लागतात. रेंज नसलेल्या गांवीं तीं कोठून उतरवून घ्यावीं? तहान लागल्यावर विहीर खणण्यांतलाच तो प्रकार.

भिंत बांधणाऱ्यांचीहि एक बाजू आहे, आणि ती ऐकून घेणें न्यायाचें आहे. ते म्हणतात कीं, दार सर्वांस उघडें ठेविलें तर चोरहि आंत येईल. फोनांत माणसाचें सर्व खासगी आयुष्य असतें, तें राखणें आमचें कर्तव्य आहे. हा मुद्दा खोटा नव्हे. आगगाडींतील अनोळखी माणसानें नको तें चित्र दुसऱ्याच्या फोनांत टाकावें, असे प्रकार अनेक देशांत घडले, आणि म्हणून २०२२ च्या अखेरीस ॲपलनें सर्वांसाठीं उघडलेलें दार दहा मिनिटांनीं आपोआप मिटेल अशी व्यवस्था केली. परंतु बंद घर म्हणजे सुरक्षित घर, हें मात्र सिद्ध होत नाहीं. जर्मनींतील डार्मष्टाट येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं एअरड्रॉपचा गुप्त संकेत उलगडून पाहिला, तेव्हां ओळख पटवितांना वापरणाऱ्याचा फोन-क्रमांक ज्या रूपांत झांकून पाठविला जातो तें झांकण सहज काढतां येतें, असें त्यांस आढळलें. कुलपाची बनावट गुप्त ठेवल्यानें कुलूप बळकट होतें असें नाहीं. तें पारखणारे डोळे मात्र कमी होतात.

आतां अगदीं अलीकडील घडामोडी. मार्कोनीचा अबोला बर्लिन आणि लंडन येथील करारांनीं सुटला, तसें यावेळीं ब्रुसेल्स पुढें आलें. युरोपियन संघानें २०२२ सालीं मोठ्या डिजिटल कंपन्यांसाठीं एक कायदा केला, आणि त्याअन्वयें मार्च २०२५ मध्यें ॲपलला आज्ञा दिली कीं, आपल्या फोनांतील कांहीं सोयी इतरांच्या यंत्रांसाठींहि खुल्या कराव्या. जवळच्या यंत्राशीं थेट वायफायनें बोलणें ही त्यांतलीच एक. त्यासाठीं 'वायफाय अवेअर' हें २०१५ सालापासून अस्तित्वांत असलेलें सार्वजनिक प्रमाण हाताशीं होतें, आणि सप्टेंबर २०२५ मधील नव्या प्रणालींत ॲपलनें तें स्वीकारलें. मात्र त्या आज्ञेविरुद्ध न्यायालयांतहि धांव घेतली. पुढें नोव्हेंबर २०२५ मध्यें गूगलनें जाहीर केलें कीं, त्यांच्या पिक्सेल १० या फोनावरील 'क्विक शेअर' आतां आयफोनाच्या 'एअरड्रॉप'शीं दोन्ही बाजूंनीं देवघेव करूं शकतें. हें काम त्यांनीं प्रतिपक्षाच्या साहाय्यावांचून, स्वतःच्या बळावर केलें होतें. अट एवढीच कीं, घेणाऱ्यानें आपलें दार त्या दहा मिनिटांपुरतें सर्वांस उघडावें. चौदा वर्षें जी भिंत निसर्गनियमासारखी अढळ भासत होती, तीस एक खिडकी पडली. आणि त्यासाठीं विज्ञानाचा कोणताहि नवा नियम शोधावा लागला नाहीं.

या वार्तेनें आम्हांस आनंद झाला, पण तो निर्भेळ नाहीं. एका पक्षानें आपल्या चातुर्यानें पाडलेली खिडकी दुसरा पक्ष उद्यां बुजवूंहि शकतो. उलट ज्या कराराखालीं दोघांची सही असते तो एकट्यास मोडतां येत नाहीं. १९०६ च्या मुत्सद्द्यांस हें कळलें होतें. मार्कोनीच्या मोठेपणाविषयीं त्यांस शंका नव्हती. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, ज्या साधनावर सर्व लोक विसंबून राहूं लागले त्याचा शिष्टाचार एका पेढीच्या हातीं असूं नये. आज फोन हें चैनीचें साधन राहिलेलें नाहीं. रुग्णाचे अहवाल, शेताचे उतारे, मुलांचा अभ्यास, मृतांचे आवाज हें सर्व त्यांत असतें. अशा साधनाविषयीं आपण, विशेषतः जो देश जगांत सर्वांत अधिक फोन वापरणाऱ्यांपैकीं एक आहे त्या देशाच्या नागरिकांनीं, दुकानांत विचारावयाचा पहिला प्रश्न किंमतीचा किंवा कॅमेऱ्याचा नसून, हा शेजाऱ्याशीं बोलतो काय, हा असावयास पाहिजे. हा प्रश्न पुरेशा गिऱ्हाइकांनीं विचारला, तर त्याचें उत्तर आपल्या कायदेमंडळांतहि शोधलें जाईल.

यंदाच्या चतुर्थीस भाची पुन्हां येणार आहे. तिनें कळविलें आहे कीं, या खेपेस दोन्ही फोनांवर चालेल असें साधन ती निघण्यापूर्वींच घालून ठेवील, आणि आम्हीहि तसेंच करावें. आम्हीं तें केलें आहे. आमच्या गांवीं खालच्या आळींत एक वृद्ध बाई आहेत. त्या मावशीबरोबर दळावयास बसत. तीन मिनिटांच्या त्या तुकड्यांत मावशी जेथें थांबते, तेथून पुढची ओवी त्यांस ठाऊक असेल, अशी आम्हांस आशा आहे.